एका मिनिटात दिलेलं नाव

आपल्या प्रत्येकाच्या फोनवर असा एखादा ग्रुप असतोच, जिथे काहीही विचारलं तरी मिनिटाभरात उत्तर मिळतं. मुलाला ताप आलाय, काय देऊ? अमुक दाखला कुठल्या कचेरीत मिळतो? भिंतीवर हा किडा बसलाय, चावेल का? उत्तर देणारा माणूस कोण, त्याला कितपत ठाऊक आहे, याची चौकशी आपण करत नाही. उत्तर मिळालं की आपण फोन खिशात टाकतो आणि कामाला लागतो. गोव्यातल्या पेडण्यात असाच एक ग्रुप होता. किडे, फुलपाखरं, पक्षी, साप यांचे फोटो त्यावर यायचे आणि बहुतेक फोटोंखाली उत्तर असायचं गौरवी परब हिचं.

गौरवी पेडण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. वय अडतीस. सहा वर्षांपूर्वी तिच्या परसातल्या लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखं दिसणारं काहीतरी तिला हलताना दिसलं. ती दचकली, पण तिने ते फेकून दिलं नाही. बरणीत ठेवलं, पानं घातली, आणि अठरा दिवसांनी त्या अळीच्या कोशातून काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर पडलं. तेव्हापासून तिला या गोष्टींचं वेडच लागलं. डिचोलीचे बाबुराव गावस तिला एका निसर्गशिबिरात भेटले. वनखात्यात रानरक्षक म्हणून त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतरही गळ्यात भिंग अडकवून ते हिंडत असत. किड्याचे पाय कसे मोजायचे, पंखावरच्या शिरा कशा बघायच्या, वहीत तारीख आणि जागा कशी लिहायची, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. दोनशेच्या वर पतंग तिच्या वहीत नावानिशी नोंदले गेले होते.

पुढे ग्रुप निघाला, लोक फोटो पाठवू लागले आणि गौरवीची उत्तरं झटपट येऊ लागली. गावच्या युवक मंडळाने तिला शाल दिली. "गौरवीताईने सांगितलं म्हणजे झालं," असं लोक म्हणायचे. ते ऐकायला तिला आवडायचं, आणि का आवडू नये? कचेरीत दिवसभर शिक्के मारणाऱ्या बाईला चारशे माणसं काही विचारतात, तिच्या शब्दाची वाट बघतात, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हळूहळू उत्तर बरोबर देण्यापेक्षा सगळ्यांच्या आधी देण्याची तिला सवय लागली होती. ती तिच्या लक्षात आली नव्हती.

एप्रिलचा दिवस. काजूचा हंगाम भरात होता. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली. कचेरीच्या खिडकीपुढे सात-आठ माणसं उभी होती. गौरवीचा फोन टेबलावर थरथरला.

फोटो सुदेशने पाठवला होता. सुदेश जवळच्या हळर्ण गावचा बागायतदार, डोंगरउतारावर त्याची काजूची बाग होती. फोटोत सुक्या पानांवर एक तपकिरी साप मेलेला पडला होता, डोकं काठीने ठेचलेलं. खाली लिहिलं होतं, "काजू वेचताना आमच्या गंगेच्या हाताला चावला. कसला साप?"

गौरवीने खिडकीतल्या म्हाताऱ्याचा अर्ज एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने फोटो बघितला. तपकिरी रंग, पाठीवर नागमोडी फिकट नक्षी. तिने लिहिलं, "मांजऱ्या आहे. माणसाला धोका नाही. घाबरू नका, हात साबणाने धुवा."

फोटो आल्यापासून एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. लगेच खाली अंगठे आणि जोडलेले हात उमटले. कुणीतरी लिहिलं, "ताई, तुम्ही आहात म्हणून." गौरवीने फोन पालथा ठेवला आणि म्हाताऱ्याच्या अर्जावर शिक्का मारला.

पावणेअकराला रांग सरली. चहा आला. गौरवीने फोन उघडला. मांजऱ्याचा फोटो तिच्या संग्रहात नव्हता, तो जपून ठेवावा म्हणून तिने तो मोठा केला. सापाच्या शेजारीच एक काजूची बी पडलेली होती. तिच्यावरून सापाची लांबी कळत होती. फूटभर, फार तर सव्वा फूट. आणि जाडी मात्र अंगठ्याएवढी.

मांजऱ्या असा नसतो. मांजऱ्या सडपातळ, सुतळीसारखा, त्याची शेपटी लांबच लांब निमुळती होत जाते. या सापाची शेपटी आखूड होती, एकाएकी संपलेली. गौरवीने फोटो आणखी मोठा केला. खवले गुळगुळीत नव्हते, कानशीसारखे खरखरीत होते. आणि कुशीवर, पोटाला लागून, पांढरी लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली होती. डोक्यावरची खूण बघावी तर डोकं ठेचलेलं.

तिने चहाचा पेला खाली ठेवला. ते फुरसं होतं.

फुरसं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वीतभर-हातभर लांबीचा साप, पण त्याचं विष रक्तात गेलं की रक्त गोठायचंच थांबतं. मग ते हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, कधी आतल्या आत मेंदूत झिरपतं. पुस्तकातलं ते पान तिच्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं उभं राहिलं. समोर बसलेला शिपाई काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते.

तिने सुदेशला फोन लावला. संपर्काच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. बागेत रेंज नसते, हे तिला माहीत होतं. फोटो टाकायला तो वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर, चढला असणार आणि उत्तर वाचून पुन्हा उतरला असणार.

आणि मग तिने जे केलं ते तिला आयुष्यभर विसरता येणार नाही. तिने ग्रुप उघडला, आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि तो सगळ्यांसाठी पुसून टाकला. त्या जागी मेसेज काढल्याची एक करडी ओळ उरली. 'चूक झाली, फुरसं आहे, इस्पितळात न्या,' एवढे पाच-सहा शब्द लिहायला जितका वेळ लागला असता तितकाच वेळ पुसायला लागला. पण तिने काही लिहिलं नाही. चारशे माणसं बघतील, एवढीच एक गोष्ट त्या घटकेला तिच्या डोक्यात होती.

मग तिने बाबुरावांना फोन केला.

"काका, एक फोटो पाठवते, बघता का? फुरसंच आहे ना?"

"कुणाला चावलंय?" बाबुरावांनी विचारलं. फोटोबद्दल ते काही बोललेच नाहीत.

"हो. एका बाईला. हाताला."

"किती वेळ झाला?"

"फोटो येऊनच पाऊण तास झाला... म्हणजे तासाहून जास्त."

"कुठल्या इस्पितळात आहे ती?"

गौरवी म्हणाली, "इस्पितळात नाही. मी मांजऱ्या सांगितलं होतं."

"मग तू अजून माझ्याशी का बोलतेस?" बाबुराव म्हणाले. "निघ. तिला हलवायची सोय कर. मी इस्पितळात कळवून ठेवतो."

साहेबांना काय सांगितलं, पर्स घेतली की नाही, हेही तिला नंतर आठवेना. तिने स्कूटर काढली आणि हळर्णची वाट धरली. ऊन तापलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिकलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा, आंबूस-गोड वास येत होता. एरवी या रस्त्याने ती वीस वेळा थांबत जायची, एखादं फुलपाखरू दिसलं की स्कूटर बाजूला घ्यायची. आज तिला फक्त डांबर दिसत होतं. गंगेला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. दोडामार्गाकडची बाई, नवऱ्याबरोबर हंगामाला येते, एवढंच ऐकून होती. तिला मुलं असतील. किती असतील? ती बेशुद्ध पडली असेल का? आपण पोचू तेव्हा अंगणात माणसं जमलेली असतील का? वळणावर समोरून ट्रक आला, त्याने कर्कश हॉर्न दिला, स्कूटर कडेच्या खडीवर घसरली आणि सावरली. तिने पुन्हा वेग वाढवला.

सुदेशच्या घरामागे कामगारांसाठी बांधलेली खोली होती. अंगणात माणसं जमलेली नव्हती. माडाच्या सावलीत एक चाळिशीची बाई पाट घेऊन बसली होती आणि एका हाताने बोंडूंच्या बिया पिळून काढत होती. दुसरा हात मांडीवर ठेवलेला, त्याला हळदीने पिवळी झालेली चिंधी गुंडाळलेली.

"तुम्ही गंगा?" गौरवीने विचारलं.

"होय. तुमी गौरवीबाय ना? सुदेशबाबान फोटो दाखयल्यानी होतो तुमचो." गंगा हसली. "ह्या उनाचा कित्याक इलात? माका बरा आसा. वायच ठणकता, बाकी काय नाय."

गौरवी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. चिंधीखालचा हात मनगटापर्यंत सुजून तकतकीत झाला होता. बोटाच्या पेरावर दोन ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून पातळ रक्त अजूनही पाझरत होतं. चावून पावणेदोन तास होत आले होते. साधी सुई टोचली तरी रक्त दोन मिनिटांत थांबतं.

आवाज ऐकून गंगेचा नवरा धाकू खोलीतून बाहेर आला. मागोमाग सुदेशही बागेतून पाटी घेऊन उतरला.

आता तरी तिने खरं सांगायला हवं होतं. पण तिघांचे डोळे तिच्याकडे लागलेले, आणि त्या डोळ्यांत अजून विश्वास होता. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हिला इस्पितळात न्यायला हवं. म्हणजे, तसं काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं बरं."

"सांजेक नेतंय," धाकू म्हणाला. "आता झाडाबुडी सगळी काजू पडली आसत. मांजऱ्याच तर आसा."

"सांजेला मी सोडतो गाडीतून," सुदेशही म्हणाला. "अकराला वर रेंजमध्ये गेलो तेव्हा मुद्दाम फोन बघितला, ताय. तुझा मेसेज दिसला नाही, पण नवीनही काही नव्हतं. म्हटलं, काळजीचं असतं तर तू लिहिलं असतंस."

हे वाक्य गौरवीच्या काळजात घुसलं. अकराला तो फोन बघत होता. तिने पुसण्याऐवजी लिहिलं असतं, तर गंगा या वेळेला इस्पितळात असती.

तेवढ्यात गंगेने मान वळवली आणि बाजूला थुंकली. मातीवर लाल डाग पडला.

"पान खाल्लंस?" गौरवीने विचारलं.

"नाय गे बाय. दात हालता वाटता, मगाधरना रगत येता."

गौरवी उठून उभी राहिली. आता तिला कुणाच्या डोळ्यांची भीती उरली नव्हती. त्याहून मोठी भीती तिच्या पुढ्यात मातीवर पडली होती.

"मी चुकले," ती म्हणाली. "तो मांजऱ्या नव्हता. फुरसं आहे. मी नीट न बघता सांगितलं. सुदेश, गाडी काढ, आत्ता."

सुदेशच्या हातातली पाटी खाली आपटली आणि तो गाडीकडे धावला. धाकूने खांबावर टांगलेली सुंभाची दोरी ओढून काढली आणि गंगेचा दंड धरला.

"दोरी बांधू नका," गौरवी म्हणाली. "हात नुसता हलू द्यायचा नाही. आवळलं तर हातच जायचा."

धाकू तिच्याकडे वळला. "विख वर चढता माझ्या बायलेच्या! आता तुमचा कित्याक आयकू? मगाशी आयकला, ता काय झाला?"

आता गौरवी जे सांगत होती ते अगदी खरं होतं, पण त्याला वजन राहिलं नव्हतं. घरापाशी रेंज येत होती. तिने बाबुरावांना फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन धाकूपुढे धरला.

"धाकू, मी डिचोलीचा बाबुराव, वनखात्यातला," फोनमधून संथ आवाज आला. "बायकोला चालवू नको. उचलून गाडीत बसव. दोरी, ब्लेड, पाला काही नको. हाताला फळी लावून ओढणीने सैल बांध. इस्पितळात औषध आहे, डॉक्टर वाट बघताहेत. तिला सांग, माणसं यातून बरी होतात. आणि तूही घाबरू नको, तू घाबरलास की ती घाबरेल."

धाकूने दोरी टाकली. त्याने गंगेला उचललं. काजूच्या गोण्या लादायच्या त्या गाडीत मागे गोणपाटावर तिला निजवलं. गौरवी तिच्या उशाशी बसली. गंगा आता बोलत नव्हती. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची आणि गौरवीला वाटायचं, आता उघडणार नाहीत.

इस्पितळात डॉक्टरीण दारातच उभी होती. तरुण होती, पण घाई-गडबड नव्हती तिच्यात.

"सापाचा फोटो आहे," सुदेश म्हणाला.

"असू दे. आम्ही माणूस बघून आणि रक्त बघून ठरवतो." तिने गंगेचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं या नळीला कुणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर बरं. नाही गोठलं तर विष भिनलंय."

वीस मिनिटं. गौरवी भिंतीला टेकून त्या नळीकडे बघत राहिली. धाकू बाकावर बसून दोन्ही हातांनी गुडघे दाबत होता. त्याच्या फोनवर मुलीचा फोन आला. पूजा तिचं नाव, गावी आजीकडे राहून बारावी करत होती. "आवशीक वायच बरा नाय," आईबद्दल एवढंच धाकू म्हणाला आणि फोन ठेवला. गौरवीने मनातल्या मनात देवाला हाक मारली. इतक्या वर्षांत ती सापाला भ्यायली नव्हती, पालीला नाही, विंचवालाही नाही. आज बोटभर नळीला भीत होती.

डॉक्टरणीने नळी उचलून तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहत काठाशी आलं.

"चालू करा," ती नर्सला म्हणाली.

औषधाच्या बाटल्या एकामागून एक सलाइनमध्ये चढल्या. दुपारी गंगेला थंडी भरून आली, अंगभर पित्त उठलं, औषध थांबवावं लागलं, पुन्हा हळूहळू सुरू करावं लागलं. लघवी लाल झाली. डॉक्टरीण म्हणाली, "औषधानंतर सहा तासांनी पुन्हा रक्त बघू. तोवर मी काही बोलणार नाही."

गौरवी बाहेरच्या ओसरीवर येऊन बसली आणि तिने फोन उघडला. ग्रुपवर बासष्ट मेसेज आले होते. बातमी पसरली होती. "बाईला फुरसं चावलं आणि मालकाने दोन तास घरात बसवून ठेवली." "सुदेशला एवढी अक्कल नाही?" "कामगारांच्या जिवाची किंमतच नाही लोकांना." "नवरा तरी कसला, हळद लावत बसला. असे अडाणी लोक." एकाने तर लिहिलं होतं, "आधी गौरवीताईंना तरी विचारायचं."

तिचा मेसेज कुठेच नव्हता. सकाळी अंगठे दाखवणाऱ्यांतलं कुणी बोलत नव्हतं. आपण काही म्हटलं नाही, तर हे असंच मिटेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. सुदेश आत गंगेसाठी चादर मागत फिरत होता. त्याने फोन बघितलासुद्धा नव्हता.

पाचच्या सुमाराला बाबुराव डिचोलीहून बस बदलत आले. तिच्या शेजारी बसले, तिच्या हातातला फोन घेऊन त्यांनी मेसेज वाचले आणि परत दिला.

"तू काय लिहिलं होतंस?"

"पुसून टाकलं, काका."

बाबुरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"मला भीती वाटली."

"कसली?"

"लोक काय म्हणतील, त्याची." ती रडू लागली. "सहा वर्षं मेहनत केली, काका. एका चुकीने सगळं जाईल."

"चूक माझ्याही हातून झालीय," बाबुराव म्हणाले. "मांजऱ्या समजून मी एकदा फुरसं काठीवर घेतलं होतं. उन्हाची तिरीप, दुसरं काय. चूक कुणाचीही होईल. मी तुझ्यावर रागावलोय ते त्यासाठी नाही. फोटोखाली काय लिहिलं होतं? चावला, असं लिहिलं होतं ना? मग तिथे सापाचं नाव हा प्रश्नच नव्हता. माणूस चावून घेऊन बसलाय आणि आपण नाव शोधतोय. नाव सापडलं की आपली हौस भागते, पण तिचं काय? पतंगाला चुकीचं नाव दिलंस तर त्याचं काही बिघडत नाही, तो आपला उडून जातो. गंगेला कुठे उडून जाता येणार होतं?"

"चारशे लोक वाट बघत असतात, काका."

"असू देत. त्यांना सांगायचं, मला कळत नाही. सांगायचं, मी डॉक्टर नाही. हे म्हणताना ज्याची जीभ जड होते त्याने दुसऱ्याला काही ओळखून देऊ नये. आणि पुसलंस त्याचं म्हणशील, तर ते अजून लिहिता येईल. सुदेशला लोक शिव्या देताहेत. तो बिचारा तुझ्या शब्दावर विसंबला, एवढाच त्याचा गुन्हा."

बाबुराव उठून आत गंगेला बघायला गेले. गौरवीने लिहायला सुरुवात केली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी हा साप मांजऱ्या असल्याचं सांगितलं. मी फोटो मोठा करूनसुद्धा बघितला नव्हता. सुदेश आणि धाकू माझ्यावर विश्वासून थांबले. चूक कळल्यावर मी सावध करण्याऐवजी माझा मेसेज पुसला आणि त्यामुळे आणखी वेळ गेला. या उशिराला मी जबाबदार आहे, दुसरं कुणी नाही. तिने ते पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर हात मागे आला असता. पाठवून दिलं.

उत्तरं येऊ लागली. काही तिला बोचणारी होती, तशी असायलाच हवी होती. सुदेशने आतून येऊन मेसेज वाचला, तिच्याकडे बघितलं आणि काहीच न बोलता बाजूला बसला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा तिला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

सातला डॉक्टरणीने पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा वीस मिनिटं. या वेळी धाकू, सुदेश, बाबुराव आणि गौरवी चौघंही दारात उभी होती. डॉक्टरणीने नळी तिरकी केली. रक्त हललं नाही, तळाला चिकटून राहिलं. तिने नळी पूर्ण उलटी केली.

"गोठलंय," ती म्हणाली. "मूत्रपिंडावर दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. पण रक्ताचं संकट टळलं."

धाकू मटकन खाली बसला. इतका वेळ तो रडला नव्हता, आता लहान मुलासारखा रडला.

गंगा पाच दिवसांनी घरी आली. हाताची सूज उतरायला आणखी आठवडा गेला. त्या आठवड्यात ग्रुपवर बरंच बोलणं झालं, काही माणसं ग्रुप सोडून गेली. शेवटी बाबुरावांच्या सांगण्यावरून एक नियम ठरला आणि तो सगळ्यांत वर लावला गेला : साप चावला असेल तर इथे फोटो टाकू नका आणि कुणी नाव सांगू नका. माणसाला आधी इस्पितळात न्या. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. गौरवीने ग्रुप सोडला नाही. ती आता उशिरा उत्तरं द्यायची, खूपदा 'सांगता येत नाही' असं लिहायची, आणि आश्चर्य असं की लोक त्यावरही आभार मानायचे.

एका रविवारी ती हळर्णला गेली. गंगा दारात कोवळ्या उन्हात हात शेकत बसली होती. गौरवी तिच्यापुढे बसली. माफी कशी मागावी, याचे शब्द तिने वाटेत जुळवले होते, ते सगळे विसरली. "गंगाबाय, माझ्यामुळे तुम्ही मरणाच्या दारात गेलात," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गंगेने आपल्या बोटाकडे बघितलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तो चावलो तेवा मी लय भियालंय. धावत जावचा म्हणी होतंय, सुदेशबाबाक गाडी काढूक सांगणार होतंय. मगे त्यांनी तुमचा लिवलेला वाचून दाखयल्यानी आणि माझो जीव भांड्यात पडलो. बाय, इतका बरा वाटला माका. हात ठणकलो, तरी मी म्हटलंय, मांजऱ्या तर आसा. तोंडात रगत इला, तरी म्हटलंय, दात हालता. त्या दिसा माझी भितीच माका वाचयतली होती. ती तुमी काढून घेतलात."

गंगेने गौरवीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

वाचकहो, भीती नेहमीच वाईट नसते. साप चावलेल्या माणसाची भीती त्याला उठवून दवाखान्याच्या दारात नेते. 'काही होत नाही' असं खात्रीने सांगणारा माणूस त्याला पुन्हा खाली बसवतो. आपण सगळेच आता दिवसाकाठी दहा प्रश्नांची उत्तरं देतो, आजारांची, औषधांची, जनावरांची. उत्तर देण्याआधी एवढंच बघावं की पलीकडे हौशीने विचारणारा आहे की जीव मुठीत धरून बसलेला. जीव मुठीत धरून बसलेला असेल, तर आपण किती जाणतो हे दाखवण्याची ती वेळ नव्हे. त्याला डॉक्टरकडे पाठवावं. आणि चुकलो तर चूक पुसू नये, मोठ्याने सांगावी, कारण आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी माडाखाली एका हाताने काम करत बसलेलं असतं.